वसईच्या थंडीस, पत्रास कारण की…

थंडीबाई,

वाडीत पहाटे पाणी सोडायला निघालेल्यांच्या डोक्याला मफलर दिसले, तेव्हा तू आल्याचं कळलं. यंदाही उशीरच.

कॅनडातली भाची हिवाळ्यात वरणाचं पातेलं सरळ गॅरेजात ठेवते. ते ऐकून मीही संध्याकाळची दुधाची पिशवी खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली. सकाळी गॅसवर चढवलं आणि दूध नासलं. तुझा दोष नाही. दुधाला चार-पाच अंश लागतात. तू आमच्याकडे बहुतेकदा पंधरा-सोळापर्यंतच उतरतेस आणि दुपारी पुन्हा तिशीजवळ. शेजारी समुद्र, तुझं तरी काय चालणार!

आजीने तुझ्याकडे गारवा कधी मागितलाच नाही, कोरडी हवा मागितली. पाऊस ओसरला की अर्नाळ्याला, पाचूबंदरला वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील सुकायला चढतात. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवली की सुकेळी. पाणीच गेलं, तर कुजणार काय? उरलेलं कालवण मात्र ती रात्री पुन्हा उकळून शिंकाळ्यात ठेवी.

तरी फ्रिजला तुझा उपयोग आहेच. फ्रिज गारवा बनवत नाही, आतली उष्णता ओढून खोलीत टाकतो. मे महिन्यात स्वयंपाकघर ३४ अंशांवर आणि आत ४, म्हणजे तीस अंशांची चढण. जानेवारीत खोली २४ वर आली की चढण वीसचीच. कॉम्प्रेसर कमी धावतो.

आम्ही मात्र तुला हातभार लावत नाही. माझ्या फ्रिजच्या नॉबवर ‘समर’, ‘विंटर’ असं लिहिलंय, ते मी आठ वर्षांनी वाचलं! दर जानेवारीत पालक गोठून काळा पडायचा आणि मी भाजीवालीला बोल लावायचे. शिवाय फ्रिज भिंतीला चिकटवलेला (वन रूम किचनमध्ये दुसरी जागा कुठली?), त्यामुळे मागच्या तापलेल्या नळ्यांना वाराच लागत नव्हता.

आता नॉब ‘विंटर’वर आहे, फ्रिज चार बोटं पुढे ओढलाय. रात्रीची आमटी तुझ्या खिडकीत निवते आणि तासाभरात आत जाते. दूध टिकतंय, पालक हिरवा आहे. बिलाचं काय ते पुढच्या महिन्यात कळेल. तोवर थांब, संक्रांत झाली की तुझी निघायची घाई सुरू होते.

ता. क. नासलेलं दूध मांजराने संपवलं. ते अजून रोज ग्रिलपाशी येऊन बसतं.