उपडा पेला

वर्ध्याहून नाशिकला जायला आम्हाला सोयीची गाडी म्हणजे सेवाग्राम एक्स्प्रेस. २०२४ च्या फेब्रुवारीत मी तिच्यात बसलो, तेव्हा पिशवीत गोरसपाकाचे दोन डबे होते आणि खिशात एक छापील पत्रिका. पत्रिकेवर सहा पदार्थ, प्रत्येक पदार्थासमोर एका वाइनचे नाव आणि खाली बोलावणाऱ्यांच्या नावांत तिसरे माझ्या धाकट्या मुलाचे. दारूबंदीच्या जिल्ह्यातला, पाच नाही तरी चार वक्त नमाज पढणारा निवृत्त मास्तर गांधीजींच्या गावाचे नाव लावलेल्या गाडीने दारूच्या जेवणाला निघाला होता. बायको दारापर्यंत आली. पण खुदा हाफिज म्हणताना तिने डब्यांकडे पाहिले, माझ्याकडे नाही.

मुलगा नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाला. नोकरी लागली नाशिकच्या एका वायनरीत. मोहल्ल्यात आम्ही सांगितले, फळांच्या रसाची कंपनी आहे. द्राक्ष हे फळ आणि त्याचा रस निघतो, तेव्हा हे पूर्ण खोटे नव्हते. मास्तरकीत अशी अर्धी उत्तरे मी पुष्कळ तपासली आहेत आणि त्यांना अर्धे गुणही दिले आहेत.

दुसरे खोटे मात्र पुरते होते. तीन वर्षांपूर्वी त्याने आमच्या दोघांच्या हजसाठी पैसे पाठवले. ते बँकेत तसेच पडून होते. हजचा पैसा हलाल कमाईचा हवा, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. शराबच्या बाबतीत ज्या दहा जणांवर लानत सांगितली आहे, त्यांत पिळणाराही येतो. मौलवीसाबांना विचारायचे तर आधी कंपनीचे खरे नाव सांगावे लागले असते. म्हणून मी फॉर्म भरलाच नाही आणि मुलाला दरवर्षी कळवत राहिलो, 'बेटा, कुऱ्यात नंबर लागला नाही.'

पुलगाव गेले आणि गाडी वर्धा नदीच्या पुलावर आली. अंधारात काही दिसत नव्हते, पण लोखंडाचा आवाज बदलला की मला अजून कळते. माझे बालपण पुलगावचे. चाचा तिथल्या कापड मिलमध्ये होते. सत्तरच्या दशकात जिल्ह्यात दारूबंदी झाली, पण नदीला ती लागू नव्हती. पुलाच्या पलीकडे अमरावती जिल्हा लागतो. पगाराच्या दिवशी चाचा पूल ओलांडून जात आणि रात्री परत येत. ज्यांना तेवढे चालवत नसे, त्यांच्यासाठी अलीकडे मोहाची हातभट्टी होतीच. बंदीने दारू गेली नाही, तिचा रस्ता तेवढा लांबला, असे म्हणणारे म्हणतात. पण ती उठवा असे मी म्हणणार नाही, कारण पगाराचे पैसे पदरात सांभाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. १९८६ च्या पावसाळ्यात एका रात्री चाचा परत आले नाहीत. जनाज्याच्या नमाजला लोक आले, पण मागच्या सफेत कुजबुज होती. अब्बांनी ती ऐकली आणि मान वर केली नाही. मी तेव्हा बी.एड. करत होतो.

नाशिक हे द्राक्षांचे गाव खरे, पण वाइनचे गाव अलीकडचे. १९९९ मध्ये सुला सुरू झाली, पुढच्या वर्षी त्यांची पहिली वाइन आली आणि २००१ मध्ये सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरणच केले. मुलाने मला दुपारी बाग दाखवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. वाइनची द्राक्षे आपल्या खायच्या द्राक्षांसारखी टपोरी नसतात. ती लहान, बियांची, जाड सालीची असतात. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून आधीच वेगळा करतात. तांबडीसाठी सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग आणि तुरटपणा येतो. सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते की मी पाहत राहिलो. व्याकरण शिकवताना माझे कधी तसे चमकले असतील की नाही कोण जाणे.

रात्री लांबलचक टेबल. पंचवीसेक माणसे. प्रत्येकासमोर पाच-पाच काचेचे पेले ओळीने, जणू हजेरीला उभे. ज्या दस्तरखानावर शराब फिरते तिथे बसू नये, ही हदीस मला लहानपणापासून ठाऊक. बसलो. बाप म्हणून बसलो, एवढेच माझ्याजवळ उत्तर होते. ते पुरेसे आहे की नाही, हे मला ठरवायचे नाही.

पहिली बशी आली. नियाजच्या दालच्यात बोटी शोधावी लागते, तसा तिथे बशीत पदार्थ शोधावा लागत होता. बिटाची एक चकती, तिच्यावर चीजचा थेंब. बरोबर फेसाळणारी वाइन. वाढपी माझ्याकडे आला तेव्हा मी पेला उपडा केला. आमच्या घरी फळीवर पेले उपडेच असतात, धूळ बसू नये म्हणून. हात आपोआप गेला. समोरचे पुण्याचे गृहस्थ मोठ्या आपुलकीने म्हणाले, "तुमच्यात चालत नाही, नाही का!" मी म्हणालो, "आम्ही वर्ध्याचे." ते हसले. "हां, म्हणजे गांधीजी!" त्यांच्याजवळ माझ्यासाठी दोन कारणे तयार होती आणि दोन्ही खरी होती. पुलाचे तिसरे कारण त्या टेबलावर मांडण्यासारखे नव्हते. मी मान डोलावली.

माझ्या डाव्या हाताला दिंडोरीकडचे एक शेतकरी बसले होते. वायनरीला द्राक्षे देणारे. मी पाहिले तर त्यांचाही पेला उपडा. गळ्यात तुळशीची माळ.

"मी बी नाही घेत, गुरुजी. माळ आहे."

"पण द्राक्षं याचीच लावता?"

"बँकेचं कर्ज माळ बघत नाही," ते म्हणाले आणि पापडाचा तुकडा मोडला. त्यांच्यापुढे मासे-मटण नव्हते, वेगळी थाळी होती. त्यानंतर आम्ही बराच वेळ पाऊस, औषधफवारणी आणि मुलांच्या शिक्षणाविषयी बोललो. त्या टेबलावर माझे एवढेच खरे बोलणे झाले.

प्रत्येक वाइनआधी मुलगा उभा राहून दोन मिनिटे बोलत होता. मराठीत. घरी तो आमच्या मोहल्ल्याची हिंदी बोलतो, पण इथे स्वच्छ मराठी. माशाबरोबर आंबटसर पांढरी का, तर लिंबू पिळल्यासारखी ती तेल कापते. मटणाबरोबर तांबडी का, तर तुरटपणाने चरबीची ओशट चव निघते आणि जीभ पुढच्या घासाला मोकळी होते. बिर्याणीबरोबर आपण कांदा-लिंबू घेतो त्याच हिशेबाने, असे तो म्हणाला तेव्हा लोक हसले, आणि मला माझ्या घरचा दस्तरखान त्या टेबलावर अंथरल्यासारखा वाटला. 'तुरट', 'ओशट', 'गोडी' हे शब्द त्याने माझ्याकडून घेतले होते. चौथीत त्याला चवींची विशेषणे मीच शिकवली होती. अभिमान वाटत होता, आणि तो कुठे ठेवावा हे समजत नव्हते.

मुशायऱ्यात साकी आणि जाम यांवर आम्ही वाहवा करतो. माधव जूलियनांनी खय्याम मराठीत आणला, तो मी स्वतः वर्गात रंगवून सांगितला आहे. शब्दांतली शराब आम्हाला चालते. तिच्यावर पोट भरणारा मुलगा चालत नाही.

मटणाची बशी आली तेव्हा त्याने माझ्या कानाशी वाकून सांगितले, "अब्बा, आपका अलग पकाया है. मटण हलालचं आहे, रश्श्यात वाइन नाही. लोक म्हणतात शिजताना सगळी उडून जाते, पण सगळी नाही उडत." हे त्याने न सांगितले असते तरी मला कळले नसते. मग एक स्टीलचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. त्याच सकाळी पिळलेला द्राक्षरस, थंड ठेवलेला, अजून यीस्ट न घातलेला. "उद्या हा माझा होईल. आज तुमचा आहे."

मी प्यालो. शेतकऱ्यांनाही दिला. इतका गोड रस मी कधी प्यालो नव्हतो. रमजानमध्ये अम्मी मनुका सकाळी पाण्यात भिजवून इफ्तारला देत असे आणि म्हणे, हे नबीज आहे, हुजूर पीत असत, पण ठेवून द्यायचे नाही. आमच्या वर्ध्यात नीरेचेही तसेच. मगनवाडीच्या ग्रामोद्योगवाल्यांनी नीरा आणि ताडगुळाचा केवढा प्रचार केला, पण नीरा प्यायची ती भल्या पहाटे. ऊन चढले की तिची ताडी. माझ्या आणि मुलाच्या मध्ये एवढेच काही तासांचे अंतर होते, आणि ते अंतर अल्लाहने घातले आहे हेही मी विसरू शकत नव्हतो. मात्र कुरआनात तरी ही मनाई एका दिवसात कुठे आली? सूरह बकरात आधी सांगितले की त्यात फायदे आहेत पण गुनाह मोठा. मग निसात, नशेत नमाजजवळ जाऊ नका. आणि पूर्ण मनाई माइदात. वर्गात शिकवताना मी हे वाट पाहण्याचे उदाहरण म्हणून सांगत असे.

शेवटी गोडाबरोबरची गोड वाइन झाली, वेलीवर मुद्दाम उशिरापर्यंत ठेवलेल्या द्राक्षांची. माणसे पांगली. आम्ही दोघे बाहेर पायरीवर बसलो.

"अब्बा, हजची यादी नेटवर असते," तो म्हणाला.

मी गप्प.

"तिन्ही वर्षं बघितली. तुमचं नाव न लागलेल्यांतही नव्हतं."

"तू विचारलं का नाहीस?"

"आप बोलोगे, इसलिए रुका था."

मला वाटले होते तो चिडेल. त्याने विचारले एवढेच, की मोठ्या भावाने पैसे दिले तर आम्ही जाऊ का. मोठा एस.टी.त कंडक्टर आहे, त्याच्यापाशी तेवढे नाहीत, हे त्यालाही माहीत होते. माझ्या पेन्शनीतून थोडे थोडे टाकतो आहे, असे मी सांगितले. किती साठले ते सांगितले नाही.

निघताना त्याने एक बाटली दिली. वाइनचा सिरका. थोडी वाइन त्याने मुद्दाम हवेवर ठेवून आंबट होऊ दिली होती. "अम्मीला सांगा, यात आता नशा नाही, मी तपासलंय." आपल्या हनफी मसलकात शराबचा सिरका झाला की तो हलाल, हे मला ठाऊक होते, सिरका उत्तम सालन आहे, अशी हदीसही आहे. बाटलीवरचे लेबल त्याने आधीच खरवडून काढले होते. मोहल्ल्यात दिसू नये म्हणून. कागदाचे पांढरे कण काचेला चिकटून राहिले होते. परतीच्या गाडीत मी ते नखाने काढत बसलो.

बायकोने बाटली तीन आठवडे फळीवर ठेवली. रमजानच्या पहिल्या इफ्तारला तिने कांदे चिरले, बाटली उघडून बराच वेळ वास घेतला आणि मग सिरका ओतला. शेजारचे हाजीसाब आले होते. त्यांना कांदा फार आवडला. कुठून आणला, म्हणाले.

"नाशिक से," ती म्हणाली. "छोटा बनाता है."

"अच्छा, वो रस की कंपनी में?"

तिने माझ्याकडे पाहिले. निघताना दारात पाहिले नव्हते तशी, सरळ.

"नाही हाजीसाब," मी म्हणालो. "कंपनी वाइनची आहे."

हाजीसाबांचा हात बशीवर थांबला. बाहेर मगरिबची अजान सुरूच होती. बायकोने खजुराची बशी त्यांच्याकडे सरकवली, आणि कांद्याची मागे घेतली नाही.