खाऱ्या काठाची वाट

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. मेहकरहून निघालेल्या माणसाला कोकणचा किनारा गाठायचा तर मराठवाडा मागे टाकायचा, पठारं तुडवायची आणि शेवटी सह्याद्रीचा घाट उतरायचा. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या रानातल्या सोप्या वाटा असा विषय निघाला की आपल्याकडे कुणी फार तर रायगडातल्या फणसाड अभयारण्याचं नाव घेईल आणि विषय तिथेच मिटेल. मला तो इतक्यात मिटवावासा वाटत नाही. खारं पाणी, त्याला काठ, काठाला भिडलेलं रान आणि त्या रानातून पाण्यापर्यंत पोचणारी पायवाट, एवढ्याला किनारा म्हणायचं असेल तर तो लोणारला आहे. तिथलं तळं ज्या विवरात आहे त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, कडेपासून तळापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर. पाणी येतं ते झऱ्यांनी आणि पावसाने. बाहेर जायला त्याला ओढा नाही, नाला नाही. जातं ते फक्त उन्हाने, आणि जाताना क्षार मागे ठेवून जातं. पुराणाने याला लवणासुराची गोष्ट जोडली, विज्ञानाने उल्केची. विवराचं वय कुणी ५२ हजार वर्षं काढलं, कुणी ५ लाख ७० हजार. वयाचा घोळ मिटेल तेव्हा मिटेल. काठ मात्र खारा आहे यावर पुराण आणि विज्ञान, दोघांचंही एकमत आहे.

गावाकडच्या बाजूने, धारातीर्थाच्या गोमुखापाशी उतार सुरू होतो. तिथलं पाणी गोडं. खाली कमळजा देवीच्या देवळापाशी तळ्याचं पाणी असं की जिभेला लावलं तर थुंकून टाकावं. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत माणूस पायी, बोलत बोलत जातो, आणि या एवढ्याशा चालण्यात रान तीनदा कूस बदलतं. वर साग आणि सीताफळ. मध्ये चिंच, जुनी, दाट सावलीची. त्याखाली बाभूळ. बाभळीनंतर झाडच नाही, फक्त राखाडी चिखलाची पट्टी आणि तिच्यावर सुकलेल्या खाराची पांढरी पापडी. झाडांची ही वर्तुळं एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांतही आहेत. आता त्यांत वेडी बाभूळ घुसली आहे आणि ती काढण्याचा खटाटोप चालू असतो. कडेवर उभं राहून पाहिलं तर हे काहीच दिसत नाही. तिथून दिसतो एक हिरवं कडं घातलेला आरसा, फोटोला उत्तम. क्षार जमिनीत कुठवर चढला आहे आणि कुठलं झाड त्याला किती सोसतं, हे कळायला पायाने उतरावं लागतं, आणि तेही धापा न टाकता. धाप लागलेल्या माणसाला फक्त पुढचा दगड दिसतो.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. सोपी वाट ही अवघड वाटेची धाकटी, कच्ची आवृत्ती नव्हे. तिचं काम वेगळं आहे, आणि ती एखाद्या गावाला मिळाली असेल तर अवघड सुळक्यापेक्षा ती मोलाची आहे. महाराष्ट्रात रानात चालणं म्हणजे किल्ला सर करणं असं समीकरण होऊन बसलं आहे. अलंग, मदन, कुलंग, हरिहरच्या उभ्या पायऱ्या, दोर, शिड्या. त्यात वाईट काही नाही. तरण्या पायांना कस हवाच. पण या हिशेबात बुलढाणा नापास ठरतो. इथे अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत, राजूरचा घाट आहे, ज्ञानगंगेचं सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे; पण बघणाऱ्याची मान मोडेल असा कडा नाही. म्हणून आपलेच लोक म्हणतात, इथं काय आहे चालण्यासारखं? या प्रश्नात चालणं आणि चढणं यांची गल्लत आहे.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. लोणारची खोली साडेचारशे फूट धरली तर या हिशेबाने अख्ख्या विवराचा चढ माणसाचा जेमतेम पाव तास जास्तीचा खातो. (नेस्मिथने मे महिन्यातला विदर्भ पाहिला नव्हता, हे धरून चालावं.) कडेकडेने पूर्ण फेरा घालायचा म्हटला तरी व्यासावरून घेर पावणेसहा किलोमीटरच्या आसपास भरतो. सकाळी उजाडताना निघालेला माणूस ऊन तापायच्या आत घरी चहाला येईल एवढंच हे अंतर.

आता ही वाट माणसाच्या आयुष्यातून फिरवून पाहा. नवरात्रात कमळजेला जाताना मूल कडेवर असतं. त्याच्यासाठी वाट म्हणजे आईच्या खांद्यावरून मागे पळणारी पानं आणि माकडांची धास्ती. चार वर्षांचं झालं की ते स्वतःच्या पायाने उतरू पाहतं, आणि इथे एक बारीक गोष्ट लक्षात येते. त्याला पायरी म्हणजे गुडघाभर उंचीची भिंत. उतार मात्र त्याला जमतो, बसत-घसरत का होईना. शाळेच्या सहलीत तेच पोर धावत सुटतं आणि वाट त्याच्या गावीही नसते. विशीत ती सोपी म्हणून कंटाळवाणी वाटते. चाळिशीत एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी पोर असतं, तेव्हा सोपी या शब्दाचा अर्थ पहिल्यांदा कळतो. साठीनंतर तर हिशेबच उलटा होतो: चढायची भीती उरत नाही, दम लागला तर थांबता येतं; भीती उतरायची. उतरताना मांडीच्या स्नायूंना ताणलं जात असतानाच अंगाचा भार रोखून धरावा लागतो, दर पावलाला गुडघ्यावर दणका बसतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्याची आठवण होते. म्हणजे एकच वाट, पण ती पाऊणशे वर्षं पुरवायची तर तिचा उतार लहान मुलाच्या आणि म्हाताऱ्या गुडघ्याच्या मापाने आखलेला हवा. विशीतल्या माणसाला कुठलीही वाट चालते. त्याला विचारून वाट आखू नये.

असली वाट आखणं सोपं नसतं. सरळ खाली नेलेली वाट पहिल्या पावसात ओढा होते. पाणीही आळशीच, त्यालाही आयती वाट हवी असते. म्हणून ती नागमोडी न्यावी लागते, वळणावर बाहेरच्या अंगाला किंचित कललेली ठेवावी लागते, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता वाटेला आडवं जातं. जुन्या वाटांना हे शहाणपण असतं, कारण त्या नकाशावर नाही, ओझ्याखाली तयार झालेल्या असतात. लोणारचा खार हा कधीकाळी धंदा होता. ‘आईन-इ-अकबरी’ने काच आणि साबण यांच्या संदर्भात या जागेची दखल घेतली आहे, आणि खाराच्या प्रतींना डल्ला, पापडी, भुसकी अशी नावं होती. हा माल तळातून वर न्यायचा तो याच चढावरून. डोक्यावर किंवा पाठीवर ओझं असलेला माणूस उगाच उभा चढ चढत नाही; तो हळूहळू उताराचा कोन हलका करत नेतो.

आक्षेप येईल की ही आळशांची वकिली झाली. जिथे कस लागत नाही तिथे रान कसलं? मग या जिल्ह्यातल्याच एका पाहुण्याची साक्ष काढतो. यवतमाळच्या टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या एका वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर घातली गेली. टी-वन-सी-वन हे त्याचं कागदावरचं नाव. पुढे त्याला वॉकर म्हणू लागले. जूनमध्ये तो निघाला, तेलंगणात डोकावून आला, शेतं, नाले, महामार्ग ओलांडत सुमारे १३०० किलोमीटरची रपेट करून डिसेंबरपर्यंत ज्ञानगंगेत पोचला. रानातला याच्याहून मोठा पायपीट करणारा शोधावा लागेल. आणि वाघाबद्दल वनखात्याचं रोजचं शहाणपण काय आहे? वाघ टिपायचा कॅमेरा झुडपात नाही, जंगलातल्या पायवाटेच्या आणि गाडवाटेच्या कडेला बांधतात, कारण त्यालाही मोकळी, सोपी वाटच पसंत असते. काट्यातून उगाच वाट काढणं हा हौशी माणसाचा छंद आहे. दुसरी साक्ष शेगावची. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते, महिनाभर चालते, आणि त्यात अनेक पिकली डोकी असतात. तिथे कस दर दिवशी, बेताच्या पावलांत लागतो. एका सुळक्यावर एकदाच नव्हे.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. वाट सोपी केली की गर्दी येते, गर्दीबरोबर कुरकुऱ्यांची पाकिटं येतात, आणि लोणार हे काही बागेतलं तळं नाही. ते २००० पासून अभयारण्य आहे, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं आहे. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळा देश बघायला आला असता, टाळेबंदी होती म्हणून वाचलं. क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं. एवढ्या नाजूक जागी माणूस कमीच बरा, हे मान्य. पण सोपी करणं आणि रुंद करणं या दोन गोष्टी आहेत. काँक्रीटचा जिना, लोखंडी कठडा, खाली वाहनतळ, ही सोय झाली. वाट नाही झाली. आपल्याकडे निधी आला की पहिली पायवाटच मरते आणि तिच्या जागी पायऱ्या उगवतात, ज्या वर सांगितल्याप्रमाणे पोराला उंच आणि म्हाताऱ्याला दणकेबाज. एका माणसाच्या रुंदीची, नीट उताराची, पाणी आडवं सोडणारी मातीची वाट गर्दीला आपोआप रांगेत लावते. शिवाय चालायला जागा नीट असली की पाय इकडेतिकडे जात नाहीत. विवराच्या उतारावर सुट्या दगडांतून जिथे जिथे आडवाटा फुटल्या, तिथे माती सुटते. ज्ञानगंगेबद्दल मात्र मी हा आग्रह धरणार नाही. तिथे अस्वलं आहेत, आणि अस्वल बिबट्यासारखं आधी बाजूला होईलच असा भरवसा नसतो. तिथे माणसाने वनखात्याच्या नियमाने जावं, पायी फिरायचा हट्ट सोडावा. प्रत्येक रान चालायला मोकळं हवं असं माझं म्हणणं नाहीच. एक तरी असावं, आणि ते नव्वद टक्के पायांना झेपेल असं असावं.

तिसरी तक्रार उन्हाची. एप्रिल-मे मध्ये विवराचा तळ तव्यासारखा तापतो, वारा वरच्या कडेवरून निघून जातो, खाली उतरत नाही. खाराचा आणि कुजक्या शेवाळाचा वास नाकात बसतो. खरंच आहे. मग तेव्हा जाऊ नये. कोकणातल्या रानवाटाही आषाढात जळवांच्या हवाली असतात; म्हणून त्यांना कुणी नावं ठेवत नाही. पोळ्यानंतर सीताफळं पिकायला लागतात तिथपासून होळीपर्यंत या वाटेला सहा महिने मिळतात, आणि सोपी वाट वर्षातून सहा महिने रोज चालता येते, हा हिशेब वर्षातून एकदा सर केलेल्या किल्ल्याहून वाईट नाही.

एका बाबतीत मात्र ही वाट समुद्राकाठच्या वाटेसारखीच बेभरवशाची आहे. बाभळी संपल्यावर जो उघडा पट्टा लागतो, त्याची रुंदी कुणालाच सांगता येत नाही. पाऊस बेताचा झाला तर पाणी मागे सरतं, पापडी वाळते, पायाखाली खाऱ्या शेंगदाण्याच्या टरफलासारखी कुरकुरते आणि माणूस कितीतरी पुढे चालत जातो. पाऊस चांगला झाला की तोच पट्टा पाण्याखाली, आणि बाभळीची खोडं गुडघाभर पाण्यात. वरची वाट ओझ्यांनी, पावलांनी, पिढ्यांनी ठरवून ठेवलेली. शेवटची वीस-पंचवीस पावलं दर वर्षी पहिला येणारा माणूस ठरवतो, चिखलात आधी अंगठा दाबून बघत.