एका कलशातील अस्थी

'इलियड' शिकवताना पॅट्रोक्लसच्या मृत्यूनंतरच्या विलापाला मी 'जिवलग मैत्री' म्हणून पुढे जात असे. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपल्या दोघांच्या अस्थी एकाच कलशात ठेवा, असे मित्र सांगतो का?" वर्ग हसला, तो हसला नाही. मी उत्तर टाळले.

घरी येऊन प्लेटोचे 'सिम्पोझियम' काढले. होमरने या नात्याला नाव दिलेले नाही, पण इ.स.पू. चौथ्या शतकातील या संवादात फीड्रस एस्किलसला खोडून काढतो. अकिलीस आणि पॅट्रोक्लस यांचे प्रेम दोघांनाही गृहीतच. वाद एवढाच की प्रियकर कोण. अकिलीस वयाने लहान, दाढीही न फुटलेला, म्हणून तो प्रिय, प्रियकर नव्हे! (अथेन्सची ही मोकळीक वयाच्या उतरंडीत बांधलेली होती, हेही खरे.)

दुसऱ्या दिवशी हे सारे वर्गात सांगितले. त्या मुलाची जागा रिकामी होती.