सहावीचे अपूर्णांक

६ जुलै २०२४
दुपारी बंगळुरूत, जयनगरला बैठक. वेगवेगळ्या शाळांचे गणित शिक्षक. अट एकच, मुलांच्या वह्या आणायच्या, निवडून नाही. मल्लेश्वरमचे सर विषय शिक्षक मंचात तयार झालेले. कर्नाटक सरकारची डीएसईआरटी आणि आयटी फॉर चेंज ही संस्था यांनी तो सरकारी हायस्कूलच्या शिक्षकांसाठी उभा केला. जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर सर तिथेच शिकले. बोलणं सगळं कन्नडमध्ये, हिशोब फळ्यावर.

७ जुलै
कालच्या वह्यांतला प्रश्न: ३/४ मोठा की ४/५? शाळा निरनिराळ्या, उत्तर तेच: सारखे. कारणही तेच, दोन्हींत एकेक भाग कमी. इतक्या मुलांना एकच गोष्ट सुचते म्हणजे तिच्यामागे विचार आहे. तिरकस गुणाकार शिकवला की उत्तर बरोबर येतं, आणि हा विचार आत तसाच राहतो.

१३ जुलै
आजची सगळी बैठक पाठासाठी एक उदाहरण शोधण्यात. 'किती भाग कमी' एवढंच मोजणाऱ्याचं उत्तर चुकायला हवं. ५/७ आणि ३/४ बाद. तसं मोजूनही ३/४ मोठा येतो, आणि तो आहेच मोठा. शेवटी जयनगरच्या बाईंना सापडलं: ३/५ आणि ५/८. पहिल्यात दोन भाग कमी, दुसऱ्यात तीन, तरी मोठा दुसराच! काय आनंद झाला सगळ्यांना.

पाठ मिळून रचायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी मुलांकडे पाहायचं, मग पुन्हा रचायचा. जपानी शाळांतली जुनी रीत, जुग्यो केन्क्यू. पहिला वर्ग माझा.

१६ जुलै
मुख्याध्यापिकांनी विचारलं, गटाचं हे काम प्रशिक्षणात धरायचं का? २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. प्रमाणपत्र कुठून आणू?

१८ जुलै
इतकी वर्षं शिकवते. तपासणी सोडली तर वर्गात दुसरा गणित शिक्षक कधी बसलेला नाही. उद्या सगळे बसणार. झोप नाही.

१९ जुलै
सगळे अर्धी रजा टाकून माझ्या वर्गात आले. तिसऱ्या बाकावरची मुलगी तासभर गप्प. फळ्याजवळून तिची वही दिसत नाही. सरांनी ती वाचून टिपून ठेवली: 'कमी दोनच, पण ते तुकडे मोठे.' हे मला एकटीला कधी कळलं असतं?

३/५ आणि ५/८ दाखवायला हाताने काढलेल्या पट्ट्यांत मात्र फरक दिसेना. चाळिसाव्या भागाचा तर फरक.

२६ जुलै
तोच पाठ सरांच्या वर्गात. या वेळी आलेख कागद, ४० चौकटींची पट्टी. रंगवायच्या २४ आणि २५. माझ्यासमोरच्या मुलाने रंगवलेल्या चौकटी मोजल्याच नाहीत, उरलेल्या मोजल्या. १६ आणि १५. मग स्वतःचं आधीचं उत्तर खोडलं. कुणी सांगितलं नव्हतं.

२७ जुलै
पुढे ऋण संख्या, सातवीच्या वह्या. गटातल्या दोन नव्या बाई वर्ग द्यायला बिचकतायत. त्यांना आधी माझ्या तासाला बसायला बोलावलंय. मंगळवारी येतो म्हणाल्या.