दुधाच्या हिशेबाशेजारी

सांगलीला कॉलेजसाठी मी मावशीकडे राहिलो. तिचा धाकटा तेव्हा आठ वर्षांचा होता. संध्याकाळी साडेसातलाच त्याचे डोळे मिटायचे आणि रात्री दीड-दोनला तो टक्क जागा. स्वयंपाकघरात जाऊन डबे काढायचा, झाकणं लावायचा, पुन्हा काढायचा. दुपारी मात्र जेवता जेवता, तोंडात घास तसाच ठेवून झोपायचा. खूश झाला की दोन्ही हातांनी स्वतःलाच घट्ट मिठी मारायचा. बोलायला उशिरा लागला होता, शाळेत जमत नव्हतं. मी बीएस्सीला, म्हणजे मला सगळंच कळत होतं. एकदा मावशीला म्हणालो, "तू लाड करतेस म्हणून तो झोपत नाही. दोन दिवस दम दे, मग बघ." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून डब्यांखाली जुनी चादर अंथरायला लागली, आवाज कमी व्हावा म्हणून.

पुढे अमेरिकेत संशोधनाला गेलो. शरीरातल्या घड्याळाचा विषय मी निवडला नव्हता; त्या गटात जागा रिकामी होती, इतकंच. वाचायला दिलेल्या कागदांत स्मिथ-मॅजेनिस सिंड्रोमवरचा एक लेख होता. 17व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो, त्यात आरएआय1 हे जनुक जातं. रात्री वाढायचं मेलाटोनिन या मुलांच्यात बहुतेकदा दिवसा वाढतं. पुढे लक्षणांची यादी होती. त्यात आनंदाच्या भरात स्वतःला मिठी मारण्याची सवय होती. मी कागद उलटा ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. त्या वर्षी पुण्यात त्याची तपासणी झाली. तो तुकडा नव्हताच.

आमच्या प्रयोगशाळेतल्या काळ्या उंदरांत आरएआय1च्या दोन प्रतींपैकी एकच चालू ठेवलेली होती. दोन्ही बंद केल्या तर बहुतेक पिल्लं जन्माआधीच मरतात. प्रत्येक उंदराला वेगळा पिंजरा, पिंजऱ्यात चक्र. चक्र फिरलं की संगणकावर खूण. एका दिवसाची पट्टी, तिच्याखाली दुसऱ्या दिवसाची. आधी बारा तास उजेड, बारा तास अंधार, आणि मग कायमचा अंधार. वेळ सांगणारं बाहेरून काहीच उरलं नाही की मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, वीसेक हजार पेशी आपापला दिवस मोजत राहतात. साध्या काळ्या उंदराचा दिवस 24 तासांहून किंचित कमी, म्हणून तो रोज थोडा लवकर पळायला लागतो. आमच्या उंदरांचा दिवस त्याहूनही जरा आखूड होता. जोसेफ ताकाहाशींच्या गटाला 1994 मध्ये, 300 हून अधिक उंदीर तपासल्यावर, दिवस लांबलेला एक सापडला होता. त्यावरून क्लॉक हे जनुक हाती आलं. आरएआय1 त्याच क्लॉकला चालना देतं.

हे सगळं मी नीट पाहू शकलो ते तिथे उंदरांची देखभाल करणाऱ्या बाईंमुळे. तिसऱ्या आठवड्यात मी घाईत आतलं दार उघडलं तेव्हा बाहेरचं दार लोटायचं राहिलं होतं. व्हरांड्यातला उजेड काही मिनिटं आत आला. दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्या एकदम सरकलेल्या. मी यंत्राला दोष देत होतो. बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. मग अंधुक लाल दिव्यात भुसा कसा बदलायचा ते शिकवलं, आणि सांगितलं, रोज एकाच वेळी येऊ नकोस, नाहीतर उंदीर तुझ्यावरच घड्याळ लावतील.

उंदरांनाही सगळं सांगता येत नव्हतं. ते मुळात रात्रीचे प्राणी, आणि या काळ्या जातीच्या अंगात मेलाटोनिन जवळजवळ तयारच होत नाही. पण दम देऊन बदलणारी ही गोष्ट नव्हे, एवढं मला त्यांच्याकडूनच कळलं. प्रयोग संपला की त्यांना मारावं लागे. माझ्या वहीत त्यांचे नुसते नंबर आहेत.

मागच्या वर्षी घर आवरताना मावशीला जुनी कॅलेंडरं सापडली. तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब आणि त्याखाली बारीक अक्षरात: झो. 7.40, उ. 1.50. किती वर्षं ती हे लिहीत होती, आणि मी त्याच भिंतीखाली बसून अभ्यास करत होतो. मी फोटो मागवले आणि उंदरांच्या मांडायचो तशा पट्ट्या एकाखाली एक मांडल्या. मार्चमधल्या एका आठवड्यात झोपल्याच्या वेळा होत्या, उठल्याच्या नव्हत्या. फोनवर विचारलं.

"तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती रे," मावशी म्हणाली. "त्याने डब्याला हात लावायच्या आत त्याला उचलून गच्चीवर न्यायचे. घड्याळ बघायला दिवा लावला असता तर तू उठला असतास."