पन्नास शर्यती, शून्य गुण



एप्रिलमधली गोष्ट. मी पाचवीची प्रगतिपत्रकं लिहीत बसले होते आणि शेजारी माझा मुलगा मोबाइलवर फॉर्म्युला वनच्या जुन्या शर्यती बघत होता. मध्येच म्हणाला, "आई, हा बघ लुका बाडोएर. पन्नास रेस आणि झिरो पॉइंट! तू तर याला नापासच केलं असतंस."

मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण पॉइंटला आपण मराठीत 'गुण' म्हणतो आणि समोर गुणांचाच ढीग पडलेला, म्हणून विचारलं, कोण रे हा? मग दोन-तीन रात्री त्याच्याबद्दल वाचत बसले. तेच आज तुम्हाला सांगते.

लुका बाडोएर हा इटलीचा. एकही गुण न मिळवता सर्वांत जास्त शर्यतींत उतरण्याचा फॉर्म्युला वनमधला विक्रम त्याच्या नावावर आहे. पण हा काही ढ मुलगा नव्हता हो! फॉर्म्युला वनच्या अलीकडची पायरी म्हणजे तेव्हाची फॉर्म्युला ३०००. १९९२ साली तो तिथे विजेता होता. त्या वर्षी रुबेन्स बॅरिकेलो त्याच्या मागे, तिसरा. पुढे याच बॅरिकेलोने फॉर्म्युला वनच्या अकरा शर्यती जिंकल्या.

फरक पडला तो गाडीमुळे. या खेळात चालक कितीही चांगला असला तरी गाडी संघाची असते, आणि गाडी पैशावर पळते. १९९३ मध्ये बाडोएरला मिळाला स्कुदेरिया इटालिया हा मागे पडलेला संघ. त्यातही तो इमोलाला सातवा आला. पण तेव्हा गुण फक्त पहिल्या सहांना मिळायचे! आज पहिल्या दहांना मिळतात. म्हणजे तीच शर्यत आज झाली असती तर सहा गुण. मग १९९५ मध्ये मिनार्डी, १९९६ मध्ये फोर्ती. फोर्तीची गाडी इतकी संथ की काही वेळा शर्यतीला पात्रसुद्धा ठरायची नाही, आणि पैसे संपल्यावर तो संघ हंगामाच्या मध्येच बंद पडला.

आता १९९९. मुलाने मला दाखवली ती हीच शर्यत. सप्टेंबर महिना, जर्मनीतलं नुरबुर्गरिंग, अधूनमधून पाऊस. मोठमोठ्या संघांच्या गाड्या घसरतायत, बंद पडतायत आणि गरीब मिनार्डीतला बाडोएर चक्क चौथ्या क्रमांकावर! चौथ्याला तीन गुण. ६६ फेऱ्यांची शर्यत, १३ फेऱ्या राहिलेल्या, आणि गिअरबॉक्स गेला. तो उतरला आणि गाडीपाशीच वाकून रडायला लागला. हेल्मेट डोक्यावर तसंच. चेहरा दिसत नाही, पण खांदे दिसतात. त्याच दिवशी त्याच्याच संघातला दुसरा चालक मार्क जेने सहावा येऊन एक गुण घेऊन गेला. आणि तिसरा कोण? बॅरिकेलो.

हे बघताना माझा पेन थांबला होता, कारण समोर जे प्रगतिपत्रक होतं ते एका ऊसतोड कामगाराच्या मुलीचं होतं.

दिवाळीपर्यंत ती गणितात वर्गात पहिली. अपूर्णांक मी फळ्यावर मांडायच्या आधी तिचं उत्तर तयार. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी तिच्यावर माझा भरवसा होता. दिवाळी झाली, टोळी निघाली, धाकट्या भावाला सांभाळायला तीही गेली. शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, ते पिशवीत तसंच घडी घालून परत आलं. परीक्षा झाली तेव्हा ती फडात होती. एप्रिलमध्ये आली तेव्हा भागाकार अडखळत करत होती. आणि मी शेरा काय लिहिला होता? "नियमित उपस्थिती आवश्यक." जणू काही टोळी तिने ठरवली होती!

बाडोएरची गोष्ट इथे संपत नाही. तो वर्षानुवर्षं फेरारीचा चाचणी चालक होता. शूमाकर ज्या गाडीतून जगज्जेता व्हायचा, ती दिवसदिवस चालवून तिच्यातले दोष शोधायचे हे याचं काम. १९९९ मध्ये शूमाकरचा पाय मोडला तेव्हा ती जागा त्याला मिळाली नाही, मिका सालोला मिळाली. मिळाली ती थेट २००९ मध्ये, फेलिपे मासा जखमी झाल्यावर. तेव्हा वय ३८, शेवटची शर्यत दहा वर्षांपूर्वीची, आणि त्या वर्षी हंगाम चालू असताना सराव करायला बंदी. दोन शर्यतींत तो १७वा आणि १४वा आला, दोन्ही वेळा सगळ्यांत शेवटी. वर्तमानपत्रांनी टर उडवली. मग फेरारीने जानकार्लो फिसिकेला आणला, जो नुकताच आपल्या विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडियाकडून बेल्जियमला दुसरा आला होता. त्याच फेरारीत फिसिकेलालाही पाच शर्यतींत एकही गुण मिळाला नाही. हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

मुलाला मी हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पण आई, झिरो तर झिरोच ना?" बरोबरच आहे त्याचं. तक्त्यात शून्यच राहणार.

निकालाच्या दिवशी तिचे वडील आले. पत्रक उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, पोरगी हुशार हाय का?" श्रेणीचा रकाना मला बदलता येत नव्हता. शेरा मात्र मी आदल्या रात्री खोडून नवा लिहिला होता, तो त्यांना वाचून दाखवला: "ऑक्टोबरपर्यंत गणितात वर्गात पहिली. त्यानंतर पाच महिने शाळेत येता आले नाही." ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "औंदा आजीपाशी ठेवता येती का बघतो."

जूनमध्ये ती सहावीच्या वर्गात बसली आहे. दिवाळी अजून लांब आहे.