अर्धा कप

महसूल खात्यातील नोकरी संपवून आम्ही खटकचिंचोळीस परतलो, तेव्हा गावाने आम्हाला 'साहेब' म्हणूनच स्वीकारले. कचेरीत कन्नड, घरी मराठी आणि बाजारात दखनी, असे आमचे सारे आयुष्य गेले. परंतु एक गोष्ट आम्ही या तिन्हीपैकी कोणत्याही भाषेत कुणास सांगितली नव्हती. रोज सायंकाळी दार लावून आम्ही पीत असू.

कर्नाटकात २००७ साली अरॅक दारूवर बंदी आली. त्यापूर्वी पाकिटे विकणाऱ्या दुकानांबाहेर पडलेले मजूर आम्ही जीपमधून अनेकदा पाहिले होते. दारुडे ते, अशी आमची ठाम समजूत. आमची दारू बाटलीतली, पेला काचेचा आणि सकाळी कचेरीतील हजेरी वेळेवर. एवढ्या पुराव्यावर आम्ही स्वतःस निर्दोष ठरवून मोकळे झालो होतो.

निवृत्तीनंतरच्या एका नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावरील आमची सही जुळत नाही म्हणून परत आली. सकाळची वेळ होती, हात कापत होता. ज्याने जन्मभर इतरांच्या सह्या पडताळल्या, त्यालाच आपली सही जमेना. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुण्याच्या मुलीकडून एक दूरध्वनी क्रमांक मिळवला व आमच्या डायरीत 'ए.ए.' असे लिहून त्यापुढे टिपून ठेवला. ते प्रकरण आम्ही चार महिने प्रलंबित ठेवले.

अखेर एका दुपारी फोन केला. पलीकडच्या गृहस्थाने हुद्दा विचारला नाही. "आज घेतली आहे का?" एवढेच विचारले. आम्ही "अजून नाही" म्हणताच ते म्हणाले, "आधी डॉक्टरांना दाखवा. मग या, आम्ही आहोत." वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर फेफरे येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. सभा म्हणजे इस्पितळ नव्हे, हे त्यांनी प्रथमच बजावले, हे बरे झाले.

पुणे या बाबतीत भाग्यवान आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे १९८६ साली येरवड्यास 'मुक्तांगण' उभे केले, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे, हा विचार तेथे अनेक घरांत पोचला आहे. आम्ही गेलो ती सभा मात्र एका शाळेच्या वर्गात होती. फाटकापासून दोनदा मागे फिरून तिसऱ्या खेपेस आत शिरलो. एका गृहस्थाने आमच्या हाती चहा दिला, तोही अर्धाच कप. मानपानाची सवय असल्याने ते आम्हाला लागले. कप ओठांशी नेताना उमगले की, भरलेला असता तर सांडला असता. त्यांना आमचा हात दिसला होता आणि त्यांनी तो न पाहिल्यासारखे केले होते.

आमची पाळी आली, तेव्हा आम्ही नाव, पद व जिल्हा असे सगळे सांगितले. कोपऱ्यातून कुणी हळूच म्हणाले, "साहेब, इथं नुसतं नाव पुरे." पुढचे वाक्य मात्र उच्चारायला फार वेळ लागला: "मी दारुडा आहे." आमच्या टिपणींत नेहमी 'असे आढळून आले', 'असे दिसते'. 'मी' हा शब्द त्या भाषेत बसतच नव्हता. इतरांनी काय सांगितले, ते येथे लिहिणार नाही. तेथे ऐकलेले तेथेच ठेवायचे असते. वृत्तपत्रांत व मासिकांत सभासदाने नाव प्रकट करू नये, असाही संकेत आहे. म्हणून या लेखाखाली आमचे नाव नाही.

सभेस वर्गणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. सौ.ही कुटुंबीयांसाठी १९५१ साली सुरू झालेल्या 'अल-अनॉन'च्या सभेस जाऊ लागल्या. त्या तेथे काय बोलतात, हे आम्ही विचारत नाही. सात महिन्यांनी एका लग्नात आम्ही पुन्हा प्यालो. तोंड लपवून सभेस गेलो, तर कुणी जाब विचारला नाही. खुर्ची पुढे सरकवली. दिवस पुन्हा एकपासून मोजले.

गावी परतल्यावर सभा कोठली? २०२० च्या टाळेबंदीत अशा अनेक सभा संगणक-मोबाइलवर भरू लागल्या. त्याचा आधार आम्हाला आजही होतो. परंतु पडद्यावर चहा मिळत नाही.

१९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन गावी बिल हा शेअर दलाल व्यवसायात अपयश येऊन हॉटेलात एकटा होता. पिण्याची ओढ अनावर झाली, तेव्हा त्याने दुसऱ्या एखाद्या मद्यपीचा शोध घेतला. त्यास डॉ. बॉब हे शल्यविशारद भेटले. उपदेश करण्यासाठी नव्हे, स्वतः वाचण्यासाठी त्यास तो माणूस हवा होता. या चळवळीचा आरंभ त्या दोघांपासून झाला.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गावातील एक तरुण आमच्या ओसरीवर येऊन बसला. "साहेब, तुमची सुटली म्हणतात," एवढेच म्हणाला व खाली पाहत राहिला. सौ. चहा घेऊन आल्या. आम्ही त्याच्या हाताकडे पाहिले, त्याचा कप उचलला आणि त्यातील निम्मा चहा आपल्या कपात ओतून घेतला.